तोंड धुवायला तयार नसलेला भिकारी: लंडन, 1566

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव बदलायची रीत असते. इथे ते काम त्या माणसानेच करून ठेवलं आहे. अंगावर चिखल असला की तो निकोलस जेनिंग्ज, स्वच्छ कपडे चढवले की निकोलस ब्लंट. आपण त्याला नुसतं ‘क्रँक’ म्हणू. फेफरं आल्याचं सोंग घेऊन भीक मागणाऱ्याला त्या काळच्या इंग्लंडमध्ये भामट्यांच्या बोलीत हाच शब्द होता. जर्मन आणि डच भाषांत ‘क्रांक’ म्हणजे आजारी. तिथून तो आला आणि इंग्लंडात ‘खोटा आजारी’ होऊन बसला.

पार्श्वभूमी

सोळाव्या शतकातलं इंग्लंड रस्त्यावर आलेल्या माणसांनी भरलेलं होतं. जमीनदारांनी सामाईक रानं कुंपणं घालून मेंढ्यांसाठी बंदिस्त केली होती. 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने मठ बंद केले, त्यामुळे दारावर मिळणारी भाकरीही गेली. लढाई संपली की सैनिक तसेच मोकळे सुटत. सरकारने यावर चाबूक हा इलाज काढला. 1531 च्या कायद्याने म्हाताऱ्या आणि अपंग गरिबांना भीक मागायचा परवाना दिला, धडधाकट भटक्याला मात्र गाडीच्या मागे उघडा बांधून रक्त निघेपर्यंत फटके. 1547 च्या कायद्याने तर छातीवर डाग देऊन दोन वर्षं गुलामीत ठेवायची सोय केली. ती राबवायला कुणी धजावलं नाही आणि तो कायदा लवकरच मागे घ्यावा लागला.

या व्यवस्थेचा परिणाम कुणालाही ओळखता येईल असा आहे. आजारी दिसलात तर भीक, धडधाकट दिसलात तर फटके. मग आजारी दिसणं हाच धंदा झाला. कुणी विषारी वनस्पती चोळून पायावर फोड उठवी. कुणी जीभ आत दुमडून मुका होई. कुणी वेडाचं सोंग आणून ‘मी बेडलममधून आलोय’ म्हणे. फेफरंवाले तोंडात पांढऱ्या साबणाचा तुकडा ठेवत, म्हणजे फेस हवा तेव्हा येई.

हे सगळं लिहून ठेवणारा माणूस म्हणजे केंट परगण्यातल्या क्रेफर्डचा थॉमस हार्मन. खानदानी, पण फार पैसेवाला नव्हे. आजारपणामुळे तो बराच काळ घरीच असे. घर रस्त्याजवळचं, दारात वीस-वीस वर्षं भिकाऱ्यांची रीघ. वेळ घालवायला म्हणून तो त्यांना बोलतं करू लागला. खायला दे, पैसे दे, कधी दमदाटी कर. ‘तुमची नावं कधी फोडणार नाही’ असा शब्दही दिला. मग त्याने पुस्तक लिहिलं आणि त्यात शेवटी नावांची यादी छापली. भामटा कोण, हा प्रश्न मला इथे पहिल्यांदा पडला.

अडचण

1 नोव्हेंबर 1566, सर्व संतांचा सण. हार्मन तेव्हा पुस्तक छापून घ्यायला लंडनला आला होता आणि व्हाइटफ्रायर्समध्ये उतरला होता. पुस्तकाची निम्मी छपाई झालेली. भल्या सकाळी त्याच्या खोलीखालच्या अंगणात एक माणूस येऊन विव्हळू लागला.

जागा अचूक निवडलेली होती. व्हाइटफ्रायर्स म्हणजे जुना मठ. मठ गेला, पण शहराच्या अधिकाऱ्यांचा हुकूम तिथे चालत नसे. त्यात आसपास दोन-तीन बड्या घरच्या बायका राहत. सण, सकाळची वेळ, दयाळू शेजार आणि पकडायला कुणी नाही. धंदा कळलेल्या माणसाचंच हे गणित.

अवतारही तितकाच विचारपूर्वक केलेला होता. कमरेच्या वर उघडा, फक्त ठिगळं लावलेलं एक जुनं कातडी जाकीट सैलसर लोंबतंय. डोक्याला घाणेरडं फडकं असं गुंडाळलेलं की चेहऱ्यापुरतीच फट उरावी आणि दाढी आत दबून जावी. हातात जुनी फेल्टची हॅट, भीक घ्यायला. डोळ्यांपासून खाली तोंड ताज्या रक्ताने माखलेलं, जणू आत्ताच झटका येऊन दगडावर आपटला असावा. जाकीट आणि विजार चिखलात लडबडलेली.

आता हार्मनची अडचण पाहा. भामट्यांवर पुस्तक लिहिणारा हा माणूस. त्याला शब्द माहीत, प्रकार माहीत. पण समोरचा माणूस खरोखर फेफऱ्याचा रोगी असेल तर? फेफरं खरं असतं, माणसं खरोखर पडतात, खरोखर तोंड फुटतं. नुसत्या नजरेने खरं-खोटं ठरवायला इथे काहीच आधार नव्हता, आणि सोंग तर नजरेसाठीच रचलेलं.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे नाणं टाकून खिडकी लावून घेणं. शेजारच्या बायकांनी तेच केलं असतं. दुसरा, हाकलून देणं. तिसरा, कॉन्स्टेबलला बोलावणं, पण संशयाखेरीज हातात काही नाही आणि जागा हद्दीबाहेरची. चौथा, परवाना मागणं. हा कागदावर चांगला दिसतो, प्रत्यक्षात पोकळ, कारण खोटे परवाने आणि खोटे शिक्के यांचाही धंदा होता. भामट्यांच्या बोलीत परवान्याला ‘जाइब’ आणि शिक्क्याला ‘जार्क’ असे वेगळे शब्दच होते. ज्या गोष्टीला धंद्यात स्वतंत्र शब्द आहे, ती गोष्ट बाजारात मिळते असं खुशाल समजावं.

हार्मनने यातलं काहीच केलं नाही. त्याने गप्पा मारल्या.

काय केलं

नाव विचारलं. ‘निकोलस जेनिंग्ज.’ गाव? लेस्टर. आजार? आठ वर्षांपासून फेफरं, बापालाही होतं. इथवर सगळं पाठ केलेलं वाटतं. लंडनच्या आसपास दोन वर्षं, त्यातलं दीड वर्ष बेथलेममध्ये, असंही तो बोलून गेला. बेथलेम म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, लोकांच्या तोंडी ‘बेडलम’.

इथे पहिला निर्णायक क्षण आहे. हार्मनने आजाराबद्दल पुढे विचारलं नाही, कारण आजाराबद्दल क्रँक तासभर बोलू शकला असता. त्याने विचारलं, तिथल्या मुख्य राखणदाराचं नाव काय? उत्तर आलं: जॉन स्मिथ. आपल्याकडे कुणी घाईत ‘पाटील’ सांगावं तसं हे नाव. मग तो राखणदार तुला ओळखत असेल? हो तर, तो काय, सगळं घर ओळखतं, पंधरा दिवसांपूर्वीच तर तिथून निघालो.

खोटं बोलणाऱ्याची ही नेहमीची चूक. साधं ‘हो’ पुरलं असतं, पण त्याने पदरचं घातलं आणि पडताळता येईल असं घातलं.

त्याआधी जवळच राहणाऱ्या एका गरीब बाईने त्याला स्वच्छ फडकं आणि भांडंभर पाणी देऊ केलं होतं. तोंड पूस, म्हणाली. क्रँकने नकार दिला: धुतलं की पुन्हा रक्त वाहायला लागेल. ऐकायला पटणारं कारण आहे. पण ज्याचं तोंड खरंच फुटलंय तो पाणी बघून आधी हात पुढे करतो. हार्मनचा संशय इथे बळावला होता.

त्याने माणसाला जाऊ दिलं. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. तिथल्या तिथे आरडाओरडा केला असता तर बायका क्रँकच्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या. हार्मनने आपल्या नोकराला बेथलेमला धाडलं. निरोप आला की असा माणूस इथे कधी नव्हता. शिवाय इथला रोगी नातलगांनी नेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

मग हार्मनने आपल्या पुस्तकाच्या छापखानेवाल्याला बोलावलं आणि त्याने दोन पोरं क्रँकच्या मागावर लावली. छापखान्यात उमेदवारी करणारी असावीत, कारण पुढे त्यांच्याकडे लेखणी-दौत निघते. क्रँक सगळा दिवस टेम्पलच्या आसपास घुटमळला. तिथे वकिलांची वर्दळ. कुणी ग्रोट म्हणजे चार पेन्स टाकी, कुणी सहा पेन्स, कुणी त्याहून जास्त. दुपारी बाराच्या सुमारास तो क्लेमेंट्स इनच्या मागच्या गल्लीत शिरला. पोरांनी पाहिलं ते असं: त्याने अंगाजवळून जनावराच्या मूत्राशयाची एक पिशवी काढली, तिच्यातलं रक्त तोंडाला नव्याने फासलं, मग खाली वाकून चिखल घेतला आणि जाकीट, हॅट, विजार यांच्यावर थापला. सकाळचं रक्त वाळून काळपट पडलं असणार. वाळलेल्या रक्ताला कोण पैसे देतो? मेकअप ताजा करून स्वारी पुन्हा टेम्पलला हजर.

संध्याकाळी अंधारू लागल्यावर त्याने होडी केली आणि थेम्स ओलांडून सेंट जॉर्जेस फील्ड्सकडे निघाला. हार्मनचा अंदाज होता की तो होबर्नकडे किंवा सेंट जाइल्सकडे जाईल. वीस वर्षांचा अभ्यास इथे साफ चुकला. पोरं मात्र चुकली नाहीत. एक मालकाला सांगायला मागे पळाला, दुसऱ्याने होडी करून पाठलाग चालू ठेवला. त्याच्याकडे होडीचं भाडं नव्हतं. भाडं एक पेनी. पोराने कमरेची लेखणीची नळी आणि शाईची दौत नावाड्याकडे गहाण टाकली आणि पलीकडे गेला.

छापखानेवालाही धावत पाठोपाठ पोचला. न्यूइंग्टनमध्ये कॉन्स्टेबलला गाठून त्यांनी क्रँकला धरलं आणि एका घरात नेलं. किती पैसे आहेत? ‘बारा पेन्स.’ झडती घेतली तर निघाले 13 शिलिंग साडेतीन पेन्स. बारा पेन्सचा एक शिलिंग, म्हणजे सुमारे 160 पेन्स. लंडनमध्ये बिगाऱ्याला दिवसभर विटा वाहून आठ-नऊ पेन्स मिळत. अठरा-वीस दिवसांची मजुरी त्या ठिगळाच्या जाकिटात होती.

तोंड तर झडतीआधीच धुवायला लावलं होतं. रक्त वाहिलं नाही. कपडे उतरवले तर आत पिवळसर सोनेरी दाढीचा, गोरापान, अंगावर एक डागही नसलेला देखणा गडी. घरच्या बाईने मोलकरणींची लाज राखायला नवऱ्याचा जुना झगा त्याच्यावर टाकला. क्रँक शेकोटीशी बसला, बिअर मागवली आणि एका घोटात मोठं भांडं रिकामं केलं. मग दुसरं, मग तिसरं. बिअर कडक होती. हार्मनने दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीच बिअर चाखून पाहिली आणि तशी नोंद केली. अशा बारीक खबरदारीमुळेच मला त्याच्या सांगण्यावर बराचसा विश्वास ठेवावासा वाटतो.

आणि मग क्रँक म्हणाला, जरा लघवीला जाऊन येतो. नागडा माणूस अंधारात पळून पळून कुठे जाणार, असं घरच्यांना वाटलं असावं. तो झगा टाकून तसाच शेतांतून पळाला, थेट आपल्या घरी.

चोरबोली कुठे कामी आली?

हार्मनचं पुस्तक आज लोक उघडतात ते शेवटच्या शब्दयादीसाठी. यादी आहेच तशी मजेशीर. या बोलीची युक्ती साधी होती: ‘चीट’ म्हणजे वस्तू, आणि तिच्यापुढे काम जोडायचं. वास घेणारी वस्तू ते नाक. गुरगुरणारी वस्तू ते डुक्कर. बें-बें करणारी ते मेंढरू. ‘नॅब’ म्हणजे डोकं, म्हणून ‘नॅब-चीट’ म्हणजे टोपी. दुसरा प्रत्यय ‘मन्स’: ‘लाइटमन्स’ म्हणजे दिवस, ‘डार्कमन्स’ म्हणजे रात्र. ‘बीन’ चांगलं, ‘क्विअर’ वाईट. ‘केन’ म्हणजे घर, त्यावरून ‘बाउझिंग-केन’ हा गुत्ता आणि ‘क्विअर-केन’ हा तुरुंग. पैशाला ‘लाउर’, पाकिटाला ‘बंग’, लंडनला ‘रोमव्हिल’. खोड्याला ‘हार्मन्स’ आणि कॉन्स्टेबलला ‘हार्मन-बेक’. यादी करणाऱ्याचं आडनाव पाहता हा योगायोग त्यालाही गमतीचा वाटला असेल.

व्याकरण इंग्रजीच, नामं तेवढी बदललेली. अनोळखी गावात दोन वाक्यांत ‘हा आपला’ हे कळायला आणि गुत्त्यात बसून घरधन्यासमोर त्याच्याच कोंबड्यांबद्दल बोलायला एवढं पुरे.

पण आता प्रकरणाकडे परत बघा. या बोलीतला एकही शब्द क्रँकला पकडायला लागला नाही. तो हार्मनशी बोलला ते साध्या, दीनवाण्या इंग्रजीत. बोली ही भामट्यांची आपसातली, सावजासमोर ती कुणी काढत नाही. सावजासमोर रक्त, चिखल आणि विव्हळणं ही वेगळी भाषा होती आणि ती सगळ्या लंडनला कळत होती. हार्मनने वर्षानुवर्षं जमवलेली शब्दसंपत्ती त्या सकाळी निरुपयोगी ठरली. कामी आलं ते राखणदाराचं नाव विचारणं, भांडंभर पाणी आणि दोन चिकट पोरं.

यादीचं पुढे काय झालं तेही सांगण्याजोगं आहे. 1608 साली थॉमस डेकरने आपल्या पुस्तकात हार्मनचा मजकूर मनसोक्त उचलला आणि नंतरच्या लेखकांनी तोच कित्ता गिरवला. उचलेगिरीवरची पुस्तकं उचलून लिहिली गेली. त्यामुळे छापील शब्द अनेक पिढ्या तेच राहिले, रस्त्यावरचे मात्र बदलत गेले असणार. ज्या गुप्त शब्दाचा अर्थ पुस्तकात मिळतो तो वापरणारा भामटा फार दिवस बाहेर राहत नाही.

निष्पत्ती

पहिल्या छपाईपुरती गोष्ट नागड्या पलायनापाशी संपली. त्यानंतर नववर्षाच्या दिवशी तोच छापखानेवाला त्याच व्हाइटफ्रायर्समध्ये एका माणसासमोर आला. काळा लोकरी कोट, नव्या पांढऱ्या विजारी, उत्तम फेल्टची हॅट आणि सोळा शिलिंगांचा म्हणावा असा फ्लँडर्सच्या कामाचा शर्ट. गृहस्थ सांगत होते की आपण हॅट बनवणारे कारागीर, लेस्टरहून काम शोधायला आलो, रात्रीच्या मुक्कामापुरते पैसे कमी पडले. छापखानेवाल्याने चेहरा ओळखला. तो धुतलेला चेहरा त्याने एकदा पाहिला होताच.

क्रँक याही वेळी पळाला, पण धरला गेला आणि कबूल झाला. न्यूइंग्टनमध्ये त्याचं छान मांडलेलं घर निघालं: चांगलं टेबल, कथिली भांड्यांनी सजवलेलं कपाट, आणि वयाने बरीच मोठी बायको. चीपसाइडला त्याला फळीत मान अडकवून उभं केलं, आधी घाणेरड्या वेशात आणि मग झकपक वेशात, म्हणजे लोकांना दोन्ही तोंडं दिसावीत. नंतर गाडीमागे फटके मारत त्याच्या घरापर्यंत वरात नेली, पुढे त्याचंच चित्र धरून. मग ब्राइडवेल, म्हणजे राजवाड्याचं केलेलं सुधारगृह. नेकीने कष्ट करून जगेन या अटीवर पुढे त्याला सोडलं. चित्र तिथेच टांगून ठेवलं. हार्मनच्या पुढच्या आवृत्तीत एक लाकडी ठसाही आला: शेजारी शेजारी दोन माणसं, एक ब्लंट आणि एक जेनिंग्ज.

वेगळं काय करता आलं असतं

तपास चोख होता, कोठडी भोंगळ. न्यूइंग्टनच्या त्या घरात सगळ्यांचं लक्ष आधी पैशांकडे आणि मग देखण्या अंगाकडे गेलं. दारावर एक माणूस उभा करायचं कुणाला सुचलं नाही. जप्त केलेले पैसे त्या भागातल्या गरिबांना वाटून टाकले, ते धर्माने ठीक. पण पळालेल्या माणसाविरुद्ध हातात असलेला सर्वांत बोलका पुरावा त्याच वाटपात गेला.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. हार्मनने एक सोंग उघडं पाडलं आणि पुस्तकाने त्याचा गाजावाजा केला. त्यानंतर लंडनच्या रस्त्यावर खरोखर झटका येऊन पडणाऱ्या माणसाचं काय झालं असेल? लोकांनी आधी त्याच्या तोंडात साबण शोधला असेल. बेथलेमला माणूस पाठवून खात्री करण्याएवढी सवड आणि छापखानेवाला प्रत्येकाकडे नसतो. हार्मनने पडताळणीची रीत लोकांना सांगितली असती तर तिचा उपयोग झाला असता. त्याने पुस्तकभर प्रकार, नावं आणि शब्द दिले, म्हणजे संशयाचं साहित्य पुरवलं. मुक्याचं सोंग, वेड्याचं सोंग, जखमेचं सोंग अशी यादी वाचून झाल्यावर वाचकाला रस्त्यावर खरा मुका, खरा वेडा, खरा जखमी दिसेल कसा? 1572 मध्ये आलेल्या कायद्याने धडधाकट भटक्याच्या उजव्या कानाला तापल्या लोखंडाने भोक पाडायची शिक्षा ठरवली. तो कायदा एकट्या हार्मनमुळे आला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण हवा त्याच दिशेची होती आणि पंखा मारणाऱ्यांत तोही होता.

क्रँकच्या बाजूने पाहिलं तर त्याची चूक एकच, बेथलेमचं नाव घेणं. नुसतं फेफरं ठेवलं असतं तर हार्मनला विचारायला राखणदारच उरला नसता. आणि नववर्षाला त्याच अंगणात परत जाणं? नवा वेश, नवी कहाणी, पण गाव पुन्हा लेस्टरच.

छापखानेवाल्याला एकच सुचवता येईल. पाठलागाला पोर धाडताना त्याच्या खिशात नावाड्यापुरती एक पेनी टाकून धाडायचं.